आपल्याच जागेतली अळी

"बंद कर! कायपो, बंद कर ते धूड!"

बुलडोझरच्या घरघराटात केआलाचं ओरडणं कुठलं ऐकू जायला! शेवटी ती थेट पात्यासमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा भावानं इंजिन बंद केलं.

"मरायचंय का ताई?"

"ते बघ."

रानतंबाखूच्या पानाखाली बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी. शेपटीवर शिंग.

"मग? दे की पलीकडे टाकून!"

"आणि मातीत कोश असतील त्यांचं काय? वर्ष वर्ष पडून असतात."

"कोण बघतंय?"

"मी बघितली ना!"

गेली अठरा वर्षं केआला नोकरी म्हणून हेच करत आली होती. ही अळी होती हवाईच्या या बेटांखेरीज जगात कुठे नसलेल्या, कायद्यानं जपलेल्या मोठ्या राखाडी पतंगाची. त्याची मूळची झाडं संपत आली, म्हणून बिचारा परक्या रानतंबाखूवर अंडी घालतो. कुणाला जागा साफ करायची असली की आधी केआलानं पानन् पान तपासायचं, अळी दिसली की गुलाबी फीत बांधून काम थांबवायचं आणि वर शिव्या खायच्या. तंबाखूचं रोप गुडघ्याएवढं असतानाच, पतंगानं अंडी घालायच्या आत उपटा, हेही तीच सगळ्यांना बजावायची. आणि स्वतःच्या जागेत? लोकांच्या जागा तपासता तपासता हिची तंबाखू डोक्याच्याही वर वाढली. काय म्हणावं या बाईला! काल तिनं घाईघाईत पाहिलं होतं, काही दिसलं नव्हतं. की दिसूच नये असं वाटत होतं, देव जाणे.

आई गाडीत बसली होती. वय चौऱ्याऐंशी. मूळच्या हवाईयन माणसांना सरकारकडून मिळणाऱ्या जमिनीच्या यादीत तिचं नाव एकतीस वर्षं पडून होतं. केआलाचे वडील वाट बघतच गेले. घर बांधायला ही जागा हातात आली ती गेल्या वर्षी. आणि आता डॉक्टर म्हणत होते, पुढचा नाताळ धरू नका. आठवडाभर केआलाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"एका किड्यापायी आईला भाड्याच्या खोलीत मरू देणार तू?" कायपो चिडून म्हणाला.

केआलाला रडू फुटलं. फीत बांधताना गाठ तीनदा सुटली. "इतकी वर्षं लोकांना कुठल्या तोंडानं सांगितलं रे मी?"

आईनं गाडीची काच खाली केली. "किती थांबायचं?"

"वर्षभर तरी, आई."

आई काठी टेकत खाली उतरली. "कायपो, दार कुठं येणारेय?"

कायपोनं टाचेनं लाल मातीत रेघ ओढली. आईनं रेघेपाशी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी आत गेली.

"बाहेर काय उभी राहिलीस? ये की घरात."

केआला बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसली.