दसऱ्याला उचललेली पटाशी

मी सुताराची पटाशी बोलतेय. माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कुणावर ठेवत नाही. कुवेतच्या एका न्यायालयाच्या कोठारात, सील लावलेल्या पाकिटात मी आठ वर्षं पडून आहे.

माझं पातं कणकवलीच्या लोहाराने घडवलं. मूठ शत्रुघ्न मेस्त्रीने स्वतः तासली आणि तिच्यावर 'श' कोरला. तो मला कुणालाही उसनी देत नसे, आणि ते मला फार आवडे. कुवेतच्या सबाह अल-सालेम वस्तीतल्या खोलीत तिघं राहायचे. शत्रुघ्न, त्याने व्हिसा काढून सुतारकामाला आणलेला धाकटा भाऊ दत्तप्रसाद, आणि देवगडचा मजीद ड्रायव्हर.

१९९६चा दसरा होता. शत्रुघ्नने हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि एकटाच बाजारात गेला. दुपारी कुणीतरी मला उचललं. हातात रबरी हातमोजा होता, नाहीतर मी हात ओळखला असता.

अल-राई नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका वखारीचं कुलूप माझ्याकडून तोडवलं. चौकीदार आडवा आला, झटापट झाली. तो लोखंडी मांडणीवर डोकं आपटून पडला तो उठलाच नाही. मी निसटले, हातमोजा फाटला आणि चोराचं रक्त माझ्या मुठीच्या चिरेत उतरलं. मला तिथेच टाकून तो पळाला.

'श'वरून पोलीस शत्रुघ्नपर्यंत पोचले. रक्तगटही जुळला. "दसऱ्याक हत्याराक हात लावूचो नसता, साहेब!" तो कळवळून सांगत होता. दुभाष्याने त्याचं काय केलं कोण जाणे. जन्मठेप झाली. दत्तप्रसाद कोर्टात ढसाढसा रडला. त्याच्या बोटाला पट्टी होती, पण सुताराच्या हाताला जखम नसेल तरच नवल. वर्षभरात तो गावी निघून गेला.

माझा संशय मजीदवर होता. दसरा न पाळणारा खोलीत तोच एक. तो दर पंधरवड्याला तुरुंगात माशाचं कालवण घेऊन जाई, हे पुढे एका सुनावणीला माझ्या कानावर आलं, तेव्हा मी म्हटलं, मन खातंय त्याचं. शत्रुघ्नलाही तसंच वाटत असावं. कोर्टात तो मजीदकडे बघतसुद्धा नसे.

मग कैद्यांच्या बोलण्यातून शत्रुघ्नला डीएनए चाचणीचं कळलं. पहिला अर्ज फेटाळला. दुसरा, २००४ साली, मंजूर झाला. मजीद बाही वर करून उभा राहिला. "माझा पण रगात घेवा." मला वाटलं, काय नाटकी माणूस आहे!

प्रयोगशाळेत माझ्या चिरेतलं वाळलेलं रक्त खरवडून काढलं. अहवाल कोर्टात वाचला गेला. रक्त शत्रुघ्नचं नाही. मजीदचंही नाही. शत्रुघ्नच्याच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या पुरुषाचं आहे.

सुटका जाहीर झाली तरी शत्रुघ्न बाकावरून उठेना. मजीदने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, घराक जावया."

"खयच्या?" शत्रुघ्नने विचारलं.

मजीद त्याच्या शेजारी बाकावर बसला. 

कारकुनाने पाकीट पुढे केलं. शत्रुघ्नने मान फिरवली. म्हणून मी पुन्हा कोठारात आहे. कुणी ऐकत असेल तर मला मजीदला देऊन टाका. तो सुतार नाही, डबे उघडेल माझ्याने, उघडू दे. आठ वर्षं मी त्या हातावर संशय घेतला, आणि त्या हाताने मला एकदाही धरलेलं नाही.