बॉयलरचा मान

साखर कारखाना बंद पडून चार वर्षं झाली होती आणि निवडणुकीला वीस दिवस उरले होते. तेवढ्यात चेअरमन दादासाहेबांना बॉयलरची आठवण झाली. यंदा कारखाना सुरू होणार, शुक्रवारी बॉयलर पेटणार, असं भोंगा लावलेली रिक्षा इंदापूरपासून भिगवणपर्यंत सांगत फिरली. पूजेला बसायचा मान कामगार ज्ञानेश आणि त्याची बायको वैष्णवी यांना मिळाला होता.

हे ऐकलं आणि बॉयलरवरचा जुना कामगार नागेश भरल्या ताटावरून उठला. दर हंगामाला एकेका खात्यातल्या जोडप्याला हा मान मिळायचा. बॉयलर खात्याची, म्हणजे नागेशची पाळी आली आणि नेमकं त्याच वर्षी कारखान्याला कुलूप लागलं. तीस हंगाम त्यानं भट्टीसमोर अंग भाजून घेतलं होतं. जाळाचा रंग बघून तो वाफेचा दाब सांगायचा. आणि हा ज्ञानेश कोण, तर वजनकाट्यावर पंख्याखाली बसून पावत्या फाडणारा. बंदच्या काळात दादासाहेबांच्या सभांना सतरंज्या अंथरल्या, एवढीच त्याची कमाई.

नागेशच्या बायकोनं, छबूबाईनं, त्या पाळीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं अजून ट्रंकेत होतं. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. ज्ञानेशनं पूजेसाठी नवी टोपी आणली असं कुणीतरी सांगितलं, तर ती न बघितलेली टोपी नागेशच्या डोळ्यांपुढून दिवसभर हलेना.

गुरुवारी दुपारी तो कारखान्यात गेला. ज्ञानेशचं उद्या काहीतरी फसावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्यानं भट्टीचं दार उघडून आत मोबाईलचा उजेड टाकला. दुसऱ्या कुणाला नुसती काळी भिंत दिसली असती. नागेशला दिसलं, की भिंतीवरच्या पाण्याच्या नळ्याच जागेवर नाहीत, कुणीतरी त्या कापून नेल्यात. आता जाळ होईल, धुराड्यातून धूरही निघेल, पण वाफ काही व्हायची नाही.

त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला गुदगुल्या झाल्या. भर मांडवात हे सांगून ज्ञानेशचा पार पचका करायचा, असं त्यानं ठरवलं. पण आधी दादासाहेबांचं तोंड कसं होतं ते बघायचा मोह त्याला आवरला नाही.

संध्याकाळी तो त्यांच्या बंगल्यावर गेला. दादासाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा मागवला. मग म्हणाले, "नागेशराव, खरं तर हा मान तुमचाच. आमचीच चूक झाली. उद्या तुम्हीच जोडीनं बसा."

नळ्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. नागेशनंही पुन्हा काढलं नाही. बशीतला चहा तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

शुक्रवारी छबूबाई हिरवं लुगडं नेसून त्याच्या शेजारी पाटावर बसली. जुने कामगार पुढंच उभे होते. पेटवायच्या आधी त्यांच्यातल्या एकानं विचारलं, चालंल नव्हं? नागेशनं मान डोलावली आणि जाळ लावला. धुराड्यातून धूर निघाला, टाळ्या पडल्या. त्या गर्दीत त्यानं ज्ञानेशला हुडकलं. त्याचं उतरलेलं तोंड बघायचं होतं. ज्ञानेश सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होता.

पूजा उरकल्यावर तो पुढं आला, नागेशच्या पाया पडला आणि हातावर पेढा ठेवला.

"तात्या, मान गेला त्येचं मला कायबी न्हाय," तो म्हणाला. "मला सारखी भीती वाटत व्हती, ह्ये इलेक्शनपुरतं असंल म्हणून. चाकणला कंपनीत नोकरी लागलीया, आज पाचपर्यंत कळवायचं हाय. पर तुमी हात लावला म्हंजी कारखाना चालतोय. आता न्हाय म्हणून सांगून टाकतो."

फोन त्याच्या हातातच होता. चार वाजून गेले होते. पलीकडं बायका छबूबाईचा पदर हातात घेऊन काठ बघत होत्या आणि ती लाजून हसत होती.

नागेशनं पेढा तोंडात टाकला.

"सांग," तो म्हणाला.