रुसलेला खण

मी एक जुनं कपाट आहे, चोवीस खणांचं. मित्रांनो, मला गोष्ट सरळ सांगता येत नाही. माझं जे काही आहे ते खणाखणांत आहे. तेव्हा एकेक ओढून दाखवतो. क्रम चुकला तर रागावू नका.

खण पहिला

एका सुताराने मला औषधांच्या दुकानासाठी घडवलं. खणांना मेण असं चोळलं, की बोट लावताच ते सरकत. म्हातारा दुकानदार म्हणे, "माझं कपाट कुरकुरत नाही, गिऱ्हाइकं कुरकुरतात." तीस वर्षं मी त्याची अब्रू राखली. मग तिथे काचेच्या मांडण्या आल्या आणि मी भंगारात गेलो.

खण बारावा

भंगारातून मला दोघा भावंडांनी उचललं. थोरला संगीतकार, धाकटी चित्रकार. त्यांना मुलांसाठी एक प्रदर्शन करायचं होतं. खण ओढला की आत चित्र दिसावं आणि आवाज सुरू व्हावा, ढकलला की थांबावा. जिना उतरणारा हत्ती तिने रंगवला, त्याच्या पावलांसाठी त्याने उशीला गुद्दे मारले.

खोली एकच होती. या कोपऱ्यात तो आवाज भरायचा, त्या कोपऱ्यात ती रंगवायची. रंगवताना नकळत गुणगुणायची. सुराशी तिचं हाडवैर.

"माइक चालू आहे गं."

"मी कुठे काय बोलले?"

"बोलली नाहीस, गात होतीस. त्याला गाणं म्हणायचं असेल तर."

"मग पुसून टाक ना, दादा. नाहीतर पोरं पळून जातील."

त्याने पुसलं. कानांना हेडफोन लावून, दिवसचे दिवस. तांदळातले खडे निवडावेत तशी त्याने प्रत्येक आवाजातून बहिणीची गुणगुण निवडून टाकली.

खण सातवा

इथे चष्मा लावलेला मासा आहे आणि उकळत्या पाण्याची बुडबुड. वास मात्र अजून खोकल्याच्या गोळ्यांचाच येतो.

खण विसावा

हा उघडत नाही. रंग ओला असतानाच दादाने घाईघाईने ढकलला आणि तो चिकटला. आत चाचणीसाठी कच्चाच आवाज ठेवलेला होता, न पुसलेला.

"राहू दे, तेवीस पुष्कळ झाले," तो म्हणाला.

धाकटीने त्या खणावर गाल फुगवलेला एक चेहरा काढला. खाली लिहिलं, 'हा खण रुसला आहे.'

खण तिसरा

मित्रांनो, माझ्यासमोर रांग लागायची. सगळ्यात जास्त हात त्या रुसलेल्यालाच लागले. धाकटीची सहा वर्षांची लेक रोज यायची आणि त्याची समजूत काढायची. प्रदर्शन संपलं. चादर घालून मला गोदामात ठेवलं.

त्याच हिवाळ्यात धाकटी आजारी पडली. उन्हाळा तिने पाहिला नाही. मला हे चादरीखाली कळलं. माझ्याजवळ आली की माणसं हळू बोलू लागली होती.

सगळे खण

एका दुपारी चादर निघाली. मामा आणि भाची आले होते. तिच्याकडे फोनमध्ये आईचं बोलणं होतं, हसणंही होतं. गुणगुणणं नव्हतं. ते कुणी मुद्दाम घेऊन ठेवत नाही.

"मामा, आई रंगवताना जे म्हणायची ते यात असेल ना?"

दादा खणांमधले सेल बदलत राहिला.

तिने एकेक खण ओढला, आत कान घातला. हत्ती. मासा. शिंकणारी छत्री. तेवीस खण. सगळे आवाज नितळ, कुठे कण म्हणून नाही.

"किती स्वच्छ केलंस रे, मामा," ती म्हणाली. कौतुकानेच म्हणाली. दादा उघडे खण एकेक करून ढकलू लागला.

"रुसलेला राहिला," ती म्हणाली.

दादाने पातळ सुरीने रंगाची कड सोडवली, चेहऱ्याला धक्का न लावता. तासभर लागला. खण उघडताना मी कुरकुरलो, जन्मात पहिल्यांदा.

सेल बदलल्यावर आतून डब्यावर बोटांची टकटक ऐकू आली. टकटकीमागून, लांबून, बेसूर, धाकटीची गुणगुण. दोन ओळी. मग अगदी जवळून दादाचा आवाज, "गप्प बस ना जरा." मग ब्रश पाण्यात खळबळला. पुढे नुसती टकटक, नितळ.

खण विसावा, पुन्हा

आता मी त्यांच्या घरी असतो. भाची खण ओढते, दोन ओळी ऐकते आणि मामाचा आवाज यायच्या आत ढकलते. पुन्हा ओढते. तिचा हात बरोबर बसला आहे. दादा एकटा असला की ढकलत नाही. टकटक संपेपर्यंत ऐकतो, आणि संपल्यावरही माझ्यासमोर बसून राहतो.

मित्रांनो, जुन्या कपाटांची धूळ पुसा, खणांना मेण लावा. आणि घरात कुणी बेसूर गुणगुणत असेल, तर तुमचं काम जरा थांबवा. काम नंतरही करता येतं.