मंगळवारचा देव

टेंभुर्णीच्या म्हसोबापुढे मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. कडूबाच्या अंगात देव येई. डोळे फिरत, दातखीळ बसे, हातपाय झडत, आणि लांबून आलेली माणसं नारळ पुढे करीत. तोंडातून जी घरघर निघे, तिचा अर्थ त्याचा चुलतभाऊ मच्छिंद्र सांगे. देवाला नेहमी मच्छिंद्राच्या मनातलंच सांगायचं असे, एवढा चमत्कार मात्र खरा.

कडूबा पस्तिशीचा. पहिला झटका आला तो नेमका देवळात, आरतीच्या वेळी. तोच रानात आला असता तर लोकांनी फेपरं म्हणून नाकाला चप्पल लावली असती. मच्छिंद्राने मग नेम घालून दिला: सोमवारी कडक उपास आणि रात्रभर जागरण. देव बहुतेक मंगळवारी बराबर हजर.

एकदा झटक्यात देवाचा हात धुनीत पडून भाजला. बायको साळूबाईने त्याला गाडीत घालून जालन्याला नेलं. श्रीपती डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता सगळं विचारून घेतलं. ही मिरगी आहे, म्हणाले, आणि उपास-जागरणाने तुम्ही ती ओढवून घेता. रोज गोळी, पुरती झोप, आणि विहिरीवर एकट्याने जायचं नाही.

कडूबाला ते फार लागलं. काल पाया पडणारी माणसं उद्या शेजारी बसू देणार नाहीत, या भीतीने त्याने गोळ्या उशाखाली दडवल्या. आयतं मिळालेलं देवपण सोडायला कुणाला आवडतं?

साळूबाई भांडली नाही. "येक सोमवार जेवून झोपा," ती म्हणाली. "देव असंल तर जागरणाबिगर बी यील."

पुढच्या सोमवारी कडूबाने तेच केलं. घरीच जागतो, असं मच्छिंद्राला सांगून तो पोटभर जेवला आणि उजाडेपर्यंत घोरला.

मंगळवारी ढोल वाजला, ऊद जळला, मच्छिंद्राचा घसा बसला. देवाचा पत्ता नाही. तेव्हा मच्छिंद्राने मंठ्याहून तापलेली लेक घेऊन आलेल्या नंदाबाईवर बोट रोखलं. हिच्या विटाळाने देव रुसला, म्हणाला. लोक तिला ढकलू लागले. कडूबाने नुसती लोळण घेतली असती तरी देवपण वाचत होतं. तो उठून उभा राहिला.

"देव रुसला न्हाई. रातच्याला जेवून झोपलो, म्हनून काईच आलं न्हाई. मला मिरगी हाय. डाक्टरनं सांगितलं व्हतं, म्याच मानलं न्हाई. बाई, पोरीला जल्दी जालन्याला न्या."

देव परीक्षा पाहून राह्यलाय, असाही अर्थ मच्छिंद्राने लावून पाहिला. पण अर्थ लावण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

पुढे महिनाभर कडूबा घराबाहेर पडला नाही. लाजेने रडला, साळूबाईवर चिडला, पण गोळी चुकवली नाही. मग हळूहळू रानात जाऊ लागला. गोळी घेऊनही क्वचित झटका येई. म्हणून सोबतच्या गड्याला तो आधीच सांगून ठेवी: पडलो तर कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. आजारी माणसाला शेजाऱ्याकडून एवढंच हवं असतं, आणि त्याला देव करण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.