बुधवारचा सामना

देवदत्त सरनोबत मूळचा कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून दहा वर्षं गोलकीपर म्हणून खेळला, गुडघा गेल्यावर कोचिंगच्या परीक्षा दिल्या आणि बायकोच्या नोकरीमागून चंदीगडला आला. इंद्रायणी सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होती. घर झिरकपूरला, नवव्या मजल्यावर. देवदत्तला सुखना रोव्हर्स या क्लबात गोलकीपरांचा कोच म्हणून काम मिळालं. क्लब व्यावसायिक, पण दुसऱ्या श्रेणीतला. स्टेडियमपेक्षा क्लबाची बस मोठी, असं खेळाडूच हसून म्हणायचे.

तिथे स्थिरावल्यावर त्याने कोल्हापूरहून सुशांतला बोलावून घेतलं. बावीस वर्षांचा, सहा फूट दोन इंच, लांब हातांचा पोरगा. त्याच्या आईने देवदत्तला एवढंच सांगितलं होतं, "तुमच्या भरवशावर पाठवतेय." दोन हंगामांत सुशांत पहिल्या पसंतीचा गोलकीपर झाला.

२०२१ च्या मार्चमध्ये, वर्षभर रखडलेली लीग अखेर सुरू झाली. सहा संघ, सगळे सामने चंदीगडमध्ये, प्रेक्षकांशिवाय. प्रत्येक संघाला एक हॉटेल दिलं होतं आणि तिथून मैदान सोडून कुठेही जायचं नाही असा नियम होता. त्याला सगळे बबल म्हणत. दर रविवारी सकाळी नाकात काडी घालून तपासणी व्हायची. घरच्यांना भेटायचं नाही, बाहेरचं खायचं नाही, दारात आलेल्या माणसाशी बोलायचंसुद्धा नाही.

एप्रिल उजाडला तेव्हा सुखना रोव्हर्स पहिल्या क्रमांकावर होते आणि दोन सामने उरले होते. पहिला येणारा एकच संघ वरच्या श्रेणीत जाणार होता.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी देवदत्तची मुलगी अवनी सात वर्षांची झाली. सव्वीस दिवस त्याने तिला फोनवरच पाहिलं होतं. इंद्रायणीने सकाळी बजावलं होतं, "येऊ नकोस. माझा घसा जरा धरलाय. दोन आठवड्यांनी करू आपण वाढदिवस." तो बरं म्हणाला. पण दुपारी जेवणं झाली, संघातली पोरं खोल्यांत झोपली आणि त्याला राहवेना. सामानाच्या लिफ्टने तो खाली उतरला, धोब्याच्या गाड्या लागतात त्या फाटकातून बाहेर पडला आणि कॅब करून झिरकपूरला गेला.

दोन तास तो घरी होता. अवनी त्याच्या मांडीवरून उठली नाही. "पापा, रात को रुकोगे ना?" ती विचारत राहिली. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. इंद्रायणी सुरुवातीला चिडली, मग तिनेही त्याच्या ताटात पुरणपोळी वाढली. त्याच फाटकातून तो परत आत आला आणि साडेपाचच्या सरावाला वेळेत मैदानावर हजर होता. कोणाला काही कळलं नाही.

मंगळवारी सकाळी इंद्रायणीचा फोन आला. "माझी टेस्ट पॉझिटिव्ह आलीय. अवनीला ताप आहे. आता मॅनेजरला सांग आणि पोरांपासून लांब हो. लगेच."

"सांगतो," तो म्हणाला.

सांगायला तो निघालाही होता. क्लबच्या मॅनेजर प्राची सूद लॉबीत बसल्या होत्या, समोर दुसऱ्या दिवशीच्या संघाची यादी. त्यांनी मान वर करून विचारलं, "देव जी, सुशांत फिट है ना कल के लिए? पक्का?" देवदत्त म्हणाला, "पक्का." आणि तिथून वळला. त्याने मनाशी ठरवलं की बुधवारचा सामना होऊ दे, मग सांगू. आता सांगितलं तर सगळ्यांनाच खोलीत बंद करतील. आणि आपल्याला तर काहीच होत नाहीये.

बुधवारी ते एक-शून्यने जिंकले. शेवटच्या दहा मिनिटांत सुशांतने पेनल्टी अडवली. शिट्टी वाजल्यावर तो धावत बाजूला आला आणि देवदत्तने त्याला घट्ट मिठी मारली. देवदत्तचा मास्क हनुवटीवर होता. सामान सांभाळणारा कृष्णा नेगी शेजारीच उभा होता; सुशांतचे ओले ग्लोव्ह्ज देवदत्तने काढले आणि कृष्णाच्या हातात दिले. सगळे घामाने निथळत होते आणि हसत होते. आता फक्त एक सामना.

त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं. गुरुवारी देवदत्तचं अंग दुखायला लागलं. त्याने गोळी घेतली आणि सरावाला गेला. शुक्रवारी त्याने मास्कवर मास्क लावला. रविवारी तपासणी झाली आणि सोमवारी निकाल आले. नऊ जण पॉझिटिव्ह. देवदत्त, सुशांत, कृष्णा आणि सहा खेळाडू.

त्यांच्या संपर्कातल्या बाकीच्यांनाही खोल्यांत बंद केलं, त्यामुळे मंगळवारच्या शेवटच्या सामन्यासाठी अकरा जण उभे करता आले नाहीत. गुण समोरच्या संघाला गेले. दुसऱ्या क्रमांकावरचा संघ वर गेला.

त्याच संध्याकाळी प्राची सूदनी सगळ्यांना आपापल्या खोलीतून व्हिडिओवर बोलावलं. त्यांनी मुख्य फाटकाचा सीसीटीव्ही पाहिला होता. आठ दिवसांपूर्वी, सोमवारी, कृष्णा फाटकाशी गेला होता. त्याची बायको त्याच्या मधुमेहाच्या गोळ्या घेऊन आली होती. गजांतून पिशवी घेऊन तो आठ मिनिटं तिच्याशी बोलत उभा होता.

कृष्णा पहाडातल्या पौडी गावचा, पन्नाशीतला माणूस. अकरा वर्षं क्लबाचे कपडे, बूट, चेंडू सांभाळत होता. पडद्यावर त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता. "जी, गलती हो गई," तो म्हणाला.

"आणखी कोणी बाहेर गेलं होतं?" प्राचीनी विचारलं. "असेल तर आत्ताच सांगा. नंतर कळलं तर वाईट होईल."

देवदत्तचा माइक बंद होता. तो सुरू करायला एक बोट पुरलं असतं. पडद्यावरच्या चौकटींत सगळे खाली बघत होते. तोही खाली बघत राहिला. पक्कं कोणालाच सांगता येणार नाही, त्याने स्वतःला समजावलं. कृष्णाकडूनही आलं असेल.

कृष्णाला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. सुशांतला तिसऱ्या दिवशी श्वास घेता येईना. सतरा दिवस तो इस्पितळात ऑक्सिजनवर होता. कोल्हापूरहून त्याची आई येऊ शकली नाही, तेव्हा गाड्याही धड चालत नव्हत्या. ती रोज देवदत्तला फोन करायची आणि तो तिला धीर द्यायचा. सुशांत वाचला. पण पुढच्या हंगामात वीस मिनिटं पळाला की तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचा. वर्षभर प्रयत्न करून त्याने खेळ सोडला आणि मोहालीच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला. देवदत्तचा करार वाढला. पुढे तो मुख्य कोच झाला.

तीन वर्षं गेली. इंद्रायणी आणि त्याच्यात तो विषय निघत नसे. सुशांत दिवाळीला घरी यायचा, इंद्रायणी त्याला डबा भरून द्यायची आणि तो गेल्यावर दोघं वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन बसायची.

यंदा फेब्रुवारीत लहान मुलांच्या संघाचे नवे टी-शर्ट छापायला दिले होते. सामान सांभाळणाऱ्या नव्या माणसाने मोहालीतलं एक दुकान शोधलं होतं. ते आणायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून देवदत्त गेला. शटर अर्धं उघडं, आत छपाईचं गरम मशीन आणि त्यापाशी कृष्णा नेगी. केस पांढरे झाले होते.

"कोच साब," तो उठून उभा राहिला. त्याने चहा मागवला. चौकशी केली. मग पुढे झुकून हलक्या आवाजात हिंदीत विचारलं, "साब, सुशांत तुमच्या घरचाच आहे. माझ्याबद्दल कधी काही बोलतो?"

"तुमच्याबद्दल?"

"मी दोनदा गेलो होतो त्याच्या खोलीवर. माफी मागायला. तो भेटला नाही." कृष्णाने हातातला टी-शर्ट नीट घडी केला. "माझ्या आठ मिनिटांत त्या पोराची छाती गेली. दर रविवारी गुरुद्वाऱ्यात लोकांचे जोडे सांभाळायला बसतो. त्याचं नाव घेतो. बायको म्हणते, गोळ्या घेऊन मी आले, पाप माझं. रोज आमचं यावरून भांडण होतं."

देवदत्तने चहाचा कप खाली ठेवला. इतकी वर्षं तो धरून चालला होता की कृष्णाला राग आला असेल, अन्याय झाला असं वाटत असेल. त्या माणसाने हे सगळं खरं मानलं असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याने टी-शर्टचं गाठोडं उचललं, "बोलतो मी त्याच्याशी," असं काहीतरी पुटपुटला आणि निघून आला.

घरी त्याने इंद्रायणीला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती. तिने गॅस बंद केला.

"मीही गप्प बसले," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुझं काम जाईल. पण तो माणूस रोज शिक्षा भोगतोय, देवदत्त. तू जातोस की मी जाऊ?"

"मी जातो."

तरी दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात गेला तेव्हा कृष्णा एकटाच होता. देवदत्त उभ्यानेच बोलला. वाढदिवस, धोब्याचं फाटक, मंगळवारचा फोन, सगळं. बोलताना तो छपाईच्या मशीनकडे बघत होता.

कृष्णाने मशीन बंद केलं.

"बुधवारी तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तुम्ही त्याला मिठी मारलीत. ग्लोव्ह्ज मला दिलेत."

"हो."

"आणि प्राची मॅडमनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात." कृष्णाने हे विचारलं नाही, नुसतं म्हटलं. तो पुढे आला. तो मारेल असं देवदत्तला वाटलं आणि मारावं असंही वाटलं. पण कृष्णा दुकानाबाहेर गेला, शटर ओढलं आणि कुलूप लावलं. "चला," तो म्हणाला. "हे त्याला सांगा. माझ्यासमोर."

शाळा दहा मिनिटांवर होती. सुशांत खेळाच्या खोलीत हवा गेलेले चेंडू वेगळे काढत होता. देवदत्तमागे कृष्णाला पाहून तो थबकला.

"सुशांत, बस जरा," देवदत्त म्हणाला आणि बोलायला लागला. मराठीत, कोल्हापूरच्या वळणाने, जसा तो त्याच्याशी नेहमी बोलायचा. "त्या रविवारी मी बबलमधनं बाहेर गेलतो..."

चार-पाच वाक्यं झाल्यावर सुशांतने हात वर केला. "मराठीत नको, सर. काकांना कळायला पाहिजे. हिंदीत बोला. पहिल्यापासनं."

मग देवदत्तने हिंदीत पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. मराठीत काही शब्द गोल गोल करता येत होते. हिंदीत त्याच्याकडे तेवढे शब्द नव्हते. बाहेर मुलांची शिट्टी वाजत होती. सुशांतने मध्ये एकदाही त्याला थांबवलं नाही.

"घरी गेलात त्याचं मला काही नाही," सगळं झाल्यावर सुशांत म्हणाला. "मीपण गेलो असतो. तुम्हाला मंगळवारी कळलं होतं. मग बुधवारी मला का खेळवलंत?"

"जिंकायचं होतं."

"मला सांगितलं असतंत, तर मी ठरवलं असतं खेळायचं की नाही. कदाचित खेळलोपण असतो." तो थोडा थांबला. त्याला बोलताना अजूनही मध्येच श्वास घ्यावा लागायचा. "माझ्या आईला तुम्ही रोज फोनवर काय सांगत होतात?"



सुशांत उठला आणि कृष्णासमोर जाऊन उभा राहिला. "काका, तुम्ही दोनदा आलात. मी आतच होतो. रूममेटला सांगितलं, नाही म्हण." त्याने वाकून कृष्णाच्या पायांना हात लावला. कृष्णाने त्याला अर्ध्यातच धरलं आणि त्याच्या छातीवर तळहात ठेवून तो रडायला लागला. मोठ्या माणसाला रडताना पाहून दारातून डोकावणाऱ्या दोन मुली पळून गेल्या.

थोड्या वेळाने सुशांत मागे वळला. "सर, तुम्ही निघा. काकांना मी सोडतो."

त्या आठवड्यात देवदत्तने प्राची सूदना पत्र लिहून सगळं कळवलं आणि राजीनामा दिला. त्यांनी त्याला बोलावून घेतलं. "तुम्ही बुधवारच्या आधी बोलला असतात तरी तो सामना गेलाच असता," त्या म्हणाल्या. "पण कृष्णाला मी काढलं नसतं. आता ते माझ्याही डोक्यावर आलं." राजीनामा त्यांनी मंजूर केला. कृष्णाला त्या स्वतः भेटायला गेल्या आणि परत कामावर बोलावलं. त्याने कामाला नाही म्हटलं, पण त्याचा दोष नव्हता असं क्लबाच्या कागदावर, शिक्क्यासह लिहून मागितलं. ते त्याला मिळालं. त्याने ते आधी बायकोला वाचून दाखवलं, असं नंतर कळलं.

कोल्हापूरला सुशांतच्या आईलाही देवदत्तने फोन केला. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि काही न बोलता फोन ठेवला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो इंद्रायणीला म्हणाला. "ते तुला बरं वाटावं म्हणून तिने का करावं?" इंद्रायणी म्हणाली. मग तीच त्याच्याजवळ येऊन बसली.

आता तो घरीच असतो. मे महिन्यापासून झिरकपूरच्या एका शाळेत मुलांना शिकवायला जाणार आहे. तिथल्या मुख्याध्यापकांना त्याने मुलाखतीत सगळं सांगितलं होतं. दर शनिवारी सकाळी तो सुशांतला फोन करतो. पाच शनिवार सुशांतने उचलला नाही. सहाव्या शनिवारी उचलला.

"बोला, सर."

"काही नाही. तब्येत विचारायची होती. भेटायला येऊ का?"

पलीकडे मैदानाचा गलका ऐकू येत होता.

"अजून नको," सुशांत म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसता दमलेला होता. "मला वाटेल तेव्हा मीच सांगेन."

"बरं," देवदत्त म्हणाला. फोन ठेवून तो गॅलरीत गेला. मग अवनीने आतून हाक मारली, तेव्हा तिला शाळेत सोडायला खाली उतरला.