उंबऱ्याबाहेरचा वॉकर

पातेलं पडल्याचा आवाज आला तशी सुकन्या हातातलं ओलं लुगडं दोरीवर अर्धंच टाकून घरात धावली. स्वयंपाकघराच्या दारात वॉकर उभा होता, चारी पाय नीट टेकून, अगदी शहाण्यासारखा. पलीकडे आत बनुबाई ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती आणि तिच्या पायाशी दूध पसरलं होतं.

"हलू नका आत्या. तिथंच थांबा."

"थांबलेच हाय की. कुठं पळतीय मी?"

बोलणं तोऱ्यातलं होतं, पण ओट्याची कड काही तिनं सोडली नव्हती. सुकन्यानं आधी दुधावर फडकं टाकलं, फरशी कोरडी केली, मग वॉकर आणायला वळली.

"ऱ्हाऊ दे त्यो. तुझा हात दे, पुरं झालं," बनुबाई म्हणाली.

सुनेचा आधार घेत ती दारापर्यंत आली आणि तिथं पोचल्यावर काही झालंच नाही अशा थाटात वॉकर धरून, उचल-ठेव करत आपल्या खाटेकडे निघून गेली. बाहेर ती अशी झकास चालायची. अंगणात, पडवीत, थेट रस्त्यापर्यंत. फक्त स्वयंपाकघर आलं की वॉकर दाराबाहेर आणि म्हातारी भिंतीला धरून आत. भिंतीवर तिच्या पंजाचे हळदीचे डागही पडले होते. आज हात निसटला, उद्या काय होईल हे सुकन्याला बघायचं नव्हतं.

पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरून बनुबाईचं खुब्याचं हाड मोडलं. नगरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावून सांगितलं होतं, मी सांगेपर्यंत वॉकरशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, दुसऱ्यांदा पडल्या तर फार अवघड होईल. हा वॉकर सुकन्यानं स्वतः जामखेडला जाऊन आणला होता. जाण्याआधी सासूला सरळ उभं करून मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप तिनं परकराच्या नाडीवर घेतलं होतं. दुकानदार चाकांचा वॉकर गळ्यात मारत होता. आमचं अंगण उतरतं आहे, तो माणसाला घेऊन पळेल, असं म्हणून तिनं बिनचाकांचा निवडला. चारी पायांची बटणं सारख्याच भोकांत बसलीत ना, हे दुकानातच तपासलं. घरातली पायपुसणी उचलली, खाटेखालची मोरपंखी चटई सुद्धा गुंडाळून माळ्यावर टाकली. एवढं करून ती वस्तू दाराबाहेर टाकून दिलेली दिसली की तिला वाईट वाटायचं. आपण आणलेलं म्हणून हिला नको असेल, असा एक काटा तिच्या मनात रुतून बसला होता. हे ती कोणाला बोलली नव्हती.

तिच्या नवऱ्याचं, अजिनाथचं म्हणणं वेगळं होतं. तो दूध संघाच्या संकलन केंद्रावर कामाला होता आणि कोणत्याही गोष्टीचा दोष तो आधी वस्तूत शोधायचा.

"उंबरा आडवा येतो आईला," दूध सांडायच्या बरंच आधी त्यानं निकाल दिला होता. "वॉकर उचलून पलीकडं टाकताना भ्या वाटत असणार."

सुकन्याला वाटलं होतं, सासू उंबऱ्याला हात लावू देणार नाही. म्हातारीनं लग्नात याच उंबऱ्यावर माप ओलांडलं होतं. पण बनुबाई निमूट तयार झाली. आदल्या दिवशी उंबऱ्याला हळदीकुंकू वाहिलं, दोन फुलं ठेवली, आणि सकाळी म्हणाली, "काढा बाबा, तुमच्या मनाला यील तसं करा." अजिनाथनं उंबरा काढला, तिथं सिमेंटनं सपाट केलं, हात फिरवून फिरवून गुळगुळीत केलं, मग घसरेल म्हणून परत खरबरीत केलं. सिमेंट वाळल्यावर दुसऱ्या दिवशी घरातली सगळी टक लावून बसली. बनुबाई डुलत डुलत आली, उंबरा होता त्या रेषेशी थांबली, वॉकर बाजूला सरकवला आणि भिंतीला हात लावून आत गेली.

अजिनाथ कपाळाला हात लावून बसला.

दूध सांडल्याची बातमी नगरला रेश्माच्या कानावर गेली. बनुबाईची ही थोरली लेक. तिनं त्याच संध्याकाळी अजिनाथला फोन केला.

"माझ्याकडं लिफ्ट आहे, कमोड आहे, सगळं एका पातळीवर आहे. सोमवारी सुकन्याची रजा संपते. ती अंगणवाडीत गेल्यावर आई दिवसभर एकटी. तिला वॉकर नीट वापरायचा नसेल, तर मी रविवारी गाडी घेऊन येते आणि तिला घेऊन जाते. आता मी कुणाचं ऐकणार नाही."

फोन स्पीकरवर होता. बनुबाईनं ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवली.

"आत्या, जेवा की."

"झालं माजं." मग भिंतीकडं बघत, "लई वर हाय तिचं घर. तितनं खाली मानसं मुंगीएवढी दिसत्यात. मला हितंच ऱ्हायचंय गं."

सुकन्यानं ताट उचललं. तिलाही सासू इथंच हवी होती. पण पुन्हा हाड मोडलेली सासू नको होती, आणि सून असताना लेकीनं उचलून नेलेली सासू तर मुळीच नको होती. गावात तोंड दाखवायची पंचाईत झाली असती.

दोन दिवसांनी रात्री सर येऊन गेली. अंगणात चिखल झाला होता आणि वॉकरचे पाय बरबटले होते. सकाळी सुकन्यानं ते नळाखाली धरून घासले. रबरात माती राहिली तर पाय सरकतो, हे तिला ठाऊक होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून तिनं वॉकर आत आणून देव्हाऱ्याखालच्या मोकळ्या जागेत सुकायला ठेवला.

खुर्चीत बसून गवार मोडणारी बनुबाई किंचाळलीच.

"अगं, अगं! देवाम्होरं कुठं आनतीस ती चप्पल!"

सुकन्यानं आपल्या पायांकडं पाहिलं. ती अनवाणी होती.

"कुठं हाय चप्पल?"

"ही काय! ही चार पायांची! सकाळी संडासात जाऊन आली, काल गोठ्याकडनं आली. तिला देवाच्या नाकाम्होरं ठिवतीस? शिकल्याली ना तू?"

सुकन्या वॉकरकडं पाहतच राहिली. सासू संडासात जाताना वॉकर सोबत न्यायची, परत यायची, पाय धुऊन घरात शिरायची. वॉकरची रबरं मात्र एरवी कोणी धूत नव्हतं. उंबऱ्याशी ती वॉकर सोडायची म्हणजे टाकून देत नव्हती. काढून ठेवत होती. दाराशी जे काढून ठेवायचं ते.

"आत्या, मग इतके दिवस बोलला का न्हाईत? उंबरा तोडला की हो आम्ही!"

बनुबाईला प्रश्नच समजला नाही.

"ह्यात बोलायचं काय? चप्पल भाईर काढ म्हनून कुनी कुनाला सांगतं व्हय? मला वाटलं तुमालाबी ठाव हाय. उंबऱ्याचं मला वाटलं, त्या पोराला हौस आलीय."

सुकन्या जमिनीवरच बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला. इतके दिवस रुतलेला तो काटा नुसत्या हसण्यानं निघून गेला होता. बनुबाई आधी रागानं, मग संशयानं बघत राहिली, आणि शेवटी तिलाही हसू आलं.

"म्हंजे तुमाला ह्यो वॉकर आवडत न्हाई असं न्हाई?"

"कोन म्हनलं? लई गुनाचा हाय. माज्या हाताला बराबर यितो. शेजारच्या मंजुळेला दावला की मी, सुनंनं माप घिऊन आनलाय म्हनून."

आता प्रश्न फक्त वॉकर सोवळ्यात आणण्याचा उरला. अजिनाथनं संध्याकाळी ऐकलं आणि लगेच तोडगा काढला. दुसरा वॉकर आणू. एक घरातला, एक बाहेरचा.

"आणि दारात एक सोडून दुसरा धरताना?" सुकन्या म्हणाली. "तेवढ्यात तोल गेला म्हंजे? त्यापेक्षा वॉकर संडासाच्या आतच गेला नाही तर?"

ते बनुबाईलाही पटलं. दुसऱ्या दिवशी गोरक्षनाथ गवंडी आला. संडासाच्या दाराबाहेर एक आणि आत दोन्ही भिंतींना एकेक, अशा जाड स्टीलच्या नळ्या त्यानं बोल्ट मारून बसवल्या. अजिनाथनं घरात पडलेला टॉवेलचा रॉड पुढं केला होता, तो सुकन्यानं परत ठेवायला लावला, त्यावर टॉवेल टिकतो, माणूस नाही. मग खात्री करायला अजिनाथ स्वतः एका नळीला लोंबकळला. नळी जागची हलली नाही. त्याचा पायजमा मात्र उसवला. वॉकर दाराशी उभा करायचा, आधी बाहेरची नळी हातात पक्की धरायची, मगच वॉकर सोडायचा, हे बनुबाईकडून दिवसभर घटवून घेतलं.

राहता राहिला मागचा विटाळ. जुनी रबरं तशीही झिजली होती. सुकन्यानं नवी आणली, चारही पायांना बसवली. बनुबाईनं त्यांच्यावर स्वतःच्या हातानं गोमूत्र शिंपडलं.

"अंगनातनं आलं की पुसत जा गं त्याचे पाय," तिनं सुनेला सांगितलं. "मी माजे धुती, त्यानं का धुवू नयेत?"

आणि वॉकर घेऊन ती स्वयंपाकघरात शिरली. उचल, ठेव, पाऊल. ओट्यापर्यंत गेली, तिथून देव्हाऱ्यापर्यंत गेली, घंटा वाजवली. सुकन्या मागं दोन हातांवर श्वास रोखून उभी होती. तिनं श्वास सोडला तो बनुबाईला ऐकू गेला असावा.

"आता काय माज्या मागं मागं हिंडू नगंस. सोमवारी साळंत जा तुज्या," ती म्हणाली.

रविवारी रेश्मा आली ती आईसाठी गाडीत मागच्या सीटवर उशी घालूनच. आल्या आल्या तिला दिसलं ते असं, की आई ओट्याशी उभी आहे, पुढं वॉकर आहे, आणि ती पिठल्याला फोडणी देते आहे. रेश्मा दारात थांबली. मग आईच्या मागं मागं संडासापर्यंत गेली, नळ्या ओढून पाहिल्या, वॉकरच्या पायाखालची रबरं वाकून तपासली. जेवण झालं, चहा झाला. आईचे कपडे भरायचे का, असं तिनं विचारलं नाही आणि सुकन्यानंही विषय काढला नाही.

उन्हं कलल्यावर ती निघाली. बनुबाई आत गेली. वॉकरच्या पुढच्या दांडीला सुकन्यानं शिवलेली कापडी पिशवी बांधली होती. तीत कुंकवाचा करंडा, मूठभर गहू आणि खोबऱ्याची वाटी घालून ती बाहेर आली. एक हात दांडीवर ठेवून तिनं दुसरा हात वर केला. रेश्मानं मान खूप खाली वाकवली. कुंकू लागलं, ओटी भरली.

"पोचल्यावर फोन कर," बनुबाई म्हणाली आणि सावकाश घरात वळली.

सुकन्या गाडीपर्यंत सोबत गेली. रेश्मा आत बसली, पण दार ओढून घेईना. ओटीतले गहू तिनं पदरासकट मुठीत घट्ट धरले होते.

"मी तुझ्यावर चिडले होते सुकन्या, फोनवर."

"असू द्या ताई. काळजीपोटी बोललात."

"काळजी होतीच. पण खरं सांगू? आईची खोली लावली, पलंग आणला, आणि रात्री झोपच लागेना. सारखं मनात येत होतं..." तिनं घराकडं पाहिलं. आतून वॉकरचा टक, टक आवाज स्वयंपाकघराकडं चालला होता. "आई माझ्याकडं राहायला आली, तर मी दिवाळीला माहेरी कुठं जाऊ?"

सुकन्यानं रेश्माचा बाहेर लोंबणारा पदर गाडीत सारला आणि हळूच दार लावलं.