सहा पायांची घोडी

कोरीट गावच्या त्या भिंतीतून निजामच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. पैसा नाही. पैशाची आशा त्याने दुकानांच्या पाट्या रंगवायला घेतल्या त्या दिवशीच सोडली होती. त्याला हवं होतं ते एकच, की चार जाणत्या माणसांत कुणीतरी म्हणावं, "या निजामुद्दीनला नजर आहे." हात आहे असं नंदुरबारात सगळेच म्हणत. टांग्याच्या पाठीवर मोर काढावा तर त्यानेच, बैलगाडीच्या कठड्यावर गुलाब काढावेत तर त्यानेच. पण मोर आणि गुलाब कॅलेंडरातले, आणि कॅलेंडर मुंबईचं. आपल्या हातून दुसऱ्याचंच उतरतं हे निजामला पुरतं ठाऊक होतं. हात उसना चालतो, नजर उसनी चालत नाही, असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा. ऐकणारे चहा त्याच्याच नावावर पीत.

कोरीटला तो गेला हिलाल पाटलाची नवी बैलगाडी रंगवायला. दुपारी बैलांना पाणी दाखवायला हिलाल गोठ्यात गेला, त्याच्या मागून निजामही सावलीला म्हणून आत शिरला, आणि हातातला ब्रश तसाच धरून उभा राहिला. ब्रशातला हिरवा रंग आपल्याच पायजम्यावर ठिबकत होता, ते हिलालने दाखवलं तेव्हा कळलं.

समोरची सबंध भिंत भरलेली होती. पांढरा चुना, लाल गेरू आणि तव्याचं काजळ, एवढंच सामान. एक गाय, तिच्या पोटात वासरू, आणि वासराच्या तोंडात गवताची काडी, जन्माला यायच्या आधीच. एक सून, म्हणजे खालपासून वरपर्यंत नुसत्या बांगड्या आणि वर एक घाबरलेला डोळा. एक म्हातारा बैल, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलेला, जणू त्याला उठायचाच कंटाळा. कशाचंच माप खरं नव्हतं, आणि त्या बैलाला गावात कुठेही पाहिलं असतं तर निजामने ओळखलं असतं. प्रत्यक्षात तो मागेच बांधलेला होता, आणि त्याने ओळखलाच.

हे कुणी काढलं म्हणून विचारलं तर हिलालने मान वळवून बायकोकडे बोट दाखवलं. बेबीबाई शेणाची पाटी घेऊन चालली होती. चाळिशीची, सडसडीत, बोलायला वेळ नसलेली बाई. चित्रं म्हटल्यावर ती गोंधळली, अहिराणीत म्हणाली,

"चित्रं कसानं? ते आमना घरना मानसं शेतस."

मग तिने सांगितलं ते असं. तिच्या सासूने घालून दिलेली रीत होती, गावात दुसऱ्या कुठल्या घरी नव्हती. घरात खाणारं नवं तोंड आलं, मग ते चुलीपाशी जेवणारं असो की दावणीला बांधलेलं, की सगळी भिंत सारवायची आणि सगळ्यांना पुन्हा काढायचं. नवं आलेलं मधोमध, जुन्यांनी सरकून जागा द्यायची. कुणी आलं नाही तर काढायचं नाही. सासूने नुसत्या बोटांच्या टिकल्या काढल्या होत्या. बेबीबाईच्या हाती भिंत आली आणि टिकल्यांना पाय फुटले.

निजामने त्या दिवशी गाडीवर गुलाब काढले नाहीत. काढवेनात. नुसता हिरवा रंग फासून तो घरी आला, आणि रात्रीचं जेवण विसरून मुंबईला पत्र लिहायला बसला.

पत्र तेलंगांना होतं. हे तेलंग मुंबईतले चित्रकार, नव्या वळणाचे. साहेबांच्या शाळेत शिकलेलं सगळं विसरायच्या मागे लागले होते, आणि आता शिकलेल्यांची नव्हे, कुणीच न शिकवलेल्यांची चित्रं आपल्या मंडळींच्या शेजारी मांडायचं त्यांच्या मनात होतं. वर्तमानपत्रात तसं आवाहन होतं. त्या वर्तमानपत्रात गुंडाळून निजामकडे शेंदूर आला होता. तेलंगांचं उत्तर आलं, रविवारी सकाळच्या गाडीने येतो. निजामने ते उत्तर निम्म्या नंदुरबारला वाचून दाखवलं. उरलेल्या निम्म्याने जन्नतबीकडून ऐकलं, तिच्या पद्धतीने.

जन्नतबी ही त्याची बायको. घरात पाट्यांचं उत्पन्न पाहुण्यासारखं यायचं. चूल चालायची ती टांग्यावर. टांगा आणि पांढरी घोडी जन्नतबीच्या वडिलांची. मरताना त्यांनी ती जावयाला नाही, मुलीला दिली होती. माणूस पारखून गेला म्हणायचा. टांगा कोण हाकेल, कुठे जाईल, हे जन्नतबी ठरवी. त्या रविवारी तिने तो पाहुण्यासाठी दिला, तोही संध्याकाळी घोडी न दमता परत येईल या बोलीवर.

तेलंग स्टेशनवर उतरले. किडकिडीत, खांद्यावर कॅमेरा, हातात जाड कागदांची गुंडाळी. वाटेत निजाम एकटाच बोलत होता. वासराच्या तोंडातली काडी त्याने तीनदा सांगितली. तेलंग हसत होते, पण त्यांची बोटं गुडघ्यावर काहीतरी काढू लागली होती.

कोरीटला हिलालचं घर झाडलेलं, अंगणात सडा, बैलांच्या शिंगांना तेल. निजामने पाहुण्यांना हाताला धरून गोठ्यात नेलं आणि म्हणाला, "हे पाहा."

तेलंगांनी पाहिलं. भिंत कोरी होती. ताजी, गुळगुळीत, ओलसर, एकही रेघ नाही.

"पाव्हना भित देखाले ई ऱ्हायना म्हनीसन सारी," बेबीबाई मागून म्हणाली. "मळेल भित दखाडतस का कोनी?"

तिच्या बाजूने पाहिलं तर तिचं काय चुकलं? निजामनेच निरोप धाडला होता की मोठा पाहुणा खास भिंत पाहायला येतोय. भिंत पाहायला कुणी येत असेल तर शहाण्या घरची बाई भिंत स्वच्छच करणार. पहाटे उठून तिने सगळ्या गोठ्याला हात फिरवला होता, आणि तो हात इतका सफाईचा होता की तेलंगांनी भिंतीला बोट लावून मान डोलावली, सभ्यपणे. त्या सभ्यपणातच निजामला पुढचं सगळं दिसलं. आता परत स्टेशनपर्यंतची वाट, आणि मग जन्मभर टपरीवर हा कोऱ्या भिंतीचा किस्सा.

त्याने बेबीबाईला विनवलं, पुन्हा काढ. ती म्हणाली काढीन की, कुणी नवं आलं म्हणजे. वर्षभरात काही ना काही येतंच. हिलालची म्हैस पुढल्या महिन्यात विणार होती. तेलंगांना पुढल्या महिन्यात नागपूरला जायचं होतं.

तेलंग खाली बसले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "बाई, मी आलो आहे ना? मला काढा."

"तुम्ही आठे ऱ्हाशात का?"

राहणार कसे? मग त्यांनी हातातलं घड्याळ काढून पुढे केलं. बेबीबाईने ते कानाला लावलं, ऐकलं आणि परत दिलं. याला भूक नाही, भूक नाही ते दावणीला कशाला? एव्हाना दारात गर्दी जमली होती. भिकन नावाच्या शेजाऱ्याने बगलेत धरून कोंबडी आणली, दुसरा बकरी ओढत आला. बेबीबाईला हसू आवरेना.

"कोंबडी कढईमा जाई, बकरी बजारमा. जास ते भितवर नही. ऱ्हास ते भितवर."

बाहेर घोडी फुरफुरली. सगळ्यांनी तिकडे पाहिलं, निजामने सगळ्यांत शेवटी.

आता इथे माणूस काय काय मनात मांडतो ते पाहण्यासारखं असतं. एका बाजूला जन्नतबी, तिचा बाप, रोजची चूल. दुसऱ्या बाजूला तोंडात काडी धरलेलं एक वासरू, जे पाहिलेला शहाणा माणूस जगात तो एकटाच होता. निजाम टांग्यापाशी गेला. पट्टे सोडताना त्याचा चेहरा लग्नातल्यासारखा फुललेला. त्याने घोडी आत आणून म्हाताऱ्या बैलाशेजारी बांधली.

बेबीबाई एकदम गंभीर झाली.

"घोडी कोनी शे, भाऊ?"

"मन्ही."

"तुन्ही बायको राजी शे का?"

"राजी शे," निजाम म्हणाला. दोन उत्तरं, दोन थापा, आणि दोन्ही त्याच्या जिभेवरून तेल लावल्यासारख्या गेल्या.

मग जे झालं त्याला कोरीटात अजून तोड नाही. बेबीबाईने घोडीपुढे कडबा टाकला, तिचं खाणं होईस्तोवर समोर बसून राहिली, कानापासून खुरापर्यंत पाहिलं, आणि उठली ती पुन्हा तिकडे पाहायला वळलीच नाही. बोटाला चिंधी गुंडाळली, चुन्यात बुडवली, आणि भिंतीच्या मधोमध पाठीची एक रेघ ओढली. सरळ, न थांबता, हात वर न उचलता. तेलंगांच्या तोंडून आवाज निघाला, चटका बसल्यासारखा. त्यांनी बूट काढले, बाह्या सारल्या आणि विचारलं, चुना मी कालवू का? कालवा, ती म्हणाली, पातळ करू नका.

मान झाली, आयाळ झाली, ती आयाळ नव्हतीच, वाऱ्यावर उडालेला कडबा होता. पाय काढू लागली. चार झाले, पाचवा काढला, सहावा काढला. गर्दीत खसखस पिकली. भिकनने मोठ्याने मोजून दाखवले.

"धावस ना ती," बेबीबाई म्हणाली.

आणि खरंच, सहाव्या पायानंतर घोडी भिंतीवर उभी राहीना, धावू लागली. तिला वाट देण्यासाठी म्हातारा बैल या वेळी आखडून बसला, बांगड्यांची सून कोपऱ्यात सरकली आणि तिच्या डोळ्यातली भीती जाऊन तिथे नवल आलं. दारात उभी असलेली बेबीबाईची खरी सून पुढे येऊन भिंतीवरच्या स्वतःकडे पाहू लागली. तेलंग आता मोठमोठ्याने बोलत होते, निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. मुंबईत आम्ही वर्षानुवर्षं शिकलेलं पुसतो आणि खाली काहीच निघत नाही, ही बाई सगळं पुसते आणि दर वेळी नवं निघतं, असं काहीसं ते निजामच्या खांद्याला धरून सांगत होते. मग थांबून म्हणाले, "निजामुद्दीन, नजर आहे हो तुम्हांला."

मिळालं. ज्यासाठी घोडी सोडली ते मिळालं. निजाम गोठ्याबाहेर जाऊन एकटाच हसला.

उजेड कमी झाल्याने भिंतीचा खाका, रेघ न् रेघ, दुसऱ्या दिवशी कापड लावून उतरवायचं ठरलं. परतताना टांग्याला हिलालने आपला एक बैल जुंपून दिला. नंदुरबारात दिवेलागणीला तो टांगा शिरला तेव्हा दुकानदार फळीवरून उतरून पाहू लागले. जन्नतबी दारातच होती. तिने बैल पाहिला, नवरा पाहिला, आणि आवाज न चढवता विचारलं, "मेरी घोडी?"

काय काय झालं असेल ते ज्याचं त्याने समजावं. सकाळी कोरीटला जाणाऱ्या टांग्यात पाहुणे आणि निजाम यांच्यामध्ये जन्नतबी बसली होती.

बेबीबाईला तिने दारातच सांगितलं, घोडी माझी, बापाची, आणि मला कुणी विचारलं नाही. बेबीबाईने निजामकडे असं पाहिलं की तो भिंतीआड सरकला.

"ली जा, बहिन. तुन्ही वस्तू." ती लगेच शेणाच्या पाटीकडे वळली. "मी भित सारी टाकस."

तेलंगांच्या हातातली कापडाची घडी सुटली. ओल्या शेणाचा गोळा हातात घेऊन बेबीबाई भिंतीपाशी उभी राहिली, आणि जन्नतबी घोडीचं दावं सोडायला आत गेली. दावं सोडलं. मग वळली, आणि भिंत समोर आली.

ती बराच वेळ पाहत राहिली. भिंतीवरच्या घोडीचाही डावा कान टोकाशी फाटलेला होता. कुत्र्याने फाडलेला, शिंगरू असताना. वडिलांनी त्यावर हळद लावून रात्र जागून काढली होती. निजामने त्या घोडीला वर्षानुवर्षं हाकलं, तिच्या टांग्यावर मोर काढले, पण कान फाटलेला आहे हे त्याला आज कळलं. जन्नतबीने भिंतीवरच्या कानाला हात नेला, टेकवला नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. दावं तिने पुन्हा बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग पदर सावरून तेलंगांपुढे आली. "साहेब, तुम्हारे मुंबई में इसके नीचे नाम किसका लिखोगे?"

चित्र बेबीबाईंचं, तेलंग म्हणाले, आणि शोध निजामुद्दीन यांचा.

"घोडी मेरी, और नाम इसका? ये कौनसा हिसाब है?"

खाका उतरला. मुंबईच्या त्या दालनात तो सबंध भिंतभर लागला, आणि लोक म्हणे सहावा पाय शोधायला पुन्हा पुन्हा परत येत. खाली पुठ्ठ्यावर तीन ओळी होत्या: चित्र बेबीबाई, कोरीट. शोध निजामुद्दीन, नंदुरबार. घोडी जन्नतबी, नंदुरबार.

तर तेलंगांना प्रदर्शन मिळालं, त्यात त्यांचं गाडीभाडं गेलं. हिलालला घोडी मिळाली, त्याचा कडबा गेला. निजामला नजर आहे हे जगाला कळलं, आणि दुसरी घोडी येईपर्यंत तो सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाठींवर आकडे रंगवत राहिला, खुशीत. बेबीबाईचं काही गेलं नाही; म्हैस व्यायल्यावर तिने तीच भिंत सारवली. पुरती किंमत मोजली ती जन्नतबीने, आणि सगळ्यांत तीच एक होती जिने समोर उभं राहून, पाहून मोजली.